शिट्टीसरांचं नितळ पाणी

शिट्टीसरांना पाण्यातलं काही कळत नाही, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. आणि नेमकं तेच म्हणायची वेळ त्यांच्या बायकोवर आली, आता बोला.

उभा जन्म त्या माणसाने एका सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर काढला. एका टोकाला कमरेएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला दोन पुरुष खोल. तिथले रखवालदार तेच, शिकवणारे तेच, बुडणाऱ्याला बाहेर ओढणारे तेच आणि आईबापांशी भांडणारेही तेच. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीसर. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कोणीतरी पुकारायचं, तेव्हा ते स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचे. सकाळी लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायची, मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकून रंग बघायचा, मग औषध घालायचं, आणि मगच फाटक उघडायचं. फाटकातूनही कोणी सरळ आत जाईल तर शपथ. "डोक्याला तेल लावलंय? घरी जा. पाय दाखव. हे पाय? हे असले पाय घेऊन माझ्या पाण्यात उतरणार?" पोरं त्यांना जाम टरकून असायची आणि पाच मिनिटांनी त्यांच्याच खांद्याला लोंबकळायची.

बायकोचं घरी शिवणयंत्र होतं. पँटची लांबी कमी कर, बाह्या आत घे, तुटलेली चेन बदल, असली कामं. दुपारी हातातलं कापड मशीनवर टाकून ती त्यांचा डबा घेऊन तलावावर जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत सिमेंटच्या बाकावर बसायची. काय तो गोंगाट! पन्नास पोरं एकदम ओरडतायत, धपाधप उड्या पडतायत, शिट्टी वाजतेय, फरशीवर ओल्या पायांचे ठसे उमटतायत आणि वाळतायत, आणि कोणीतरी निळ्या पडलेल्या ओठांनी कुडकुडत "अजून एकच उडी, सर" म्हणतंय. ती घरी यायची तेव्हा कान बधिर झालेले असायचे. शिवाय तो वास. तलावाच्या औषधाचा वास सरांच्या केसांत, टॉवेलात, उशीत मुरलेला. लग्न झालं तेव्हा तिला त्याने मळमळायचं. आईला तिने सांगितलंही होतं, "माणूस लाखात एक आहे गं, पण त्याला धुतलेल्या फरशीचा वास येतो." पुढे पुढे अशी गत झाली, की तो वास नसला तर तिला झोप लागेना.

नंतर तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि डबा ते सकाळीच बरोबर न्यायला लागले. तरी संध्याकाळी जेवताना तलाव घरी यायचाच. आज अमक्याने उंच फळीवरून उडी मारली आणि चड्डी पाण्यातच राहिली, आज तमकीला पहिल्यांदा तरंगता आलं तर ती रडायलाच लागली. ती हसून हसून लोटपोट व्हायची.

मग तलाव बंद झाला. कोणा साहेबाच्या डोक्यात आलं, दुसरं काय. त्यात भराव टाकला, वरून गुळगुळीत केलं, आणि आता तिथे गाड्या उभ्या राहतात.

सर घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले, खिडकीजवळच्या खुर्चीत. आधी तिला वाटलं, दमलेत. मग वाटलं, रुसलेत. मग मात्र तिला धास्ती वाटायला लागली. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. लेकीचा फोन आला की "हो", "बरं", "आईला देतो". डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं ठणठणीत आहे. ठणठणीत! मेल्या, ठणठणीत माणूस असा दिसतो का, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मशीन चालवता चालवता ती वळून बघायची, श्वास चालू आहे ना. एवढा बडबड्या, भांडकुदळ माणूस आणि त्याचं हे असं झालेलं. तिला रडू यायचं, आणि रडू आलं की स्वतःचाच राग यायचा. उशीचा वासही केव्हाच उडाला होता. ती उशी नाकाशी धरायची, तर नुसता साबण.

प्रवाळांशी तिची गाठ पडली ती बटणांमुळे. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं आणायला बाजारात गेली होती. बटणवाल्याच्या शेजारी माशांच्या टाक्यांचं दुकान. दर्शनी काचेत एक छोटी टाकी होती, तीन बादल्या पाणी मावेल एवढी, आणि तिच्यात एका दगडावर चक्क बटणं. हिरवी, नारिंगी, मध्ये वेगळ्या रंगाचा ठिपका, कडेने बारीक झालर. तिने काचेला नाक लावलं. तेवढ्यात त्यातलं एक मिटलं.

"अगंबाई!"

"जिवंत आहेत ती काकू," आतून दुकानवाली म्हणाली. तिशीची पोरगी, दुकान तिचंच. ओले हात कपड्यांना पुसत बाहेर आली. "प्रवाळ आहेत. समुद्रातले प्राणी."

"झाड नाही हे?"

"तोंड आहे, पोट आहे. तुमच्याआमच्यासारखेच. फक्त कटकट कमी करतात."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग हीच न्या की. नवशिक्यांसाठीच असतात ही. ही बटणं, ह्या छत्र्या, आणि ते दगडावर पसरलंय ना हिरवंगार, ते गवत. काही प्रवाळ फार नखरेल असतात, जरा इकडचं तिकडे झालं की मान टाकतात. पण ही? मारायची म्हटली तरी मरत नाहीत."

या वाक्यावरून पुढे तिने त्या पोरीला चांगलं फैलावर घेतलं, पण ते नंतर. त्या क्षणी तिच्या डोक्यात प्रवाळ नव्हतेच. प्रवाळांशी तिला काय करायचंय? टाकीतलं पाणी बघून तिला एवढंच सुचलं होतं, की त्या माणसाकडे सांभाळायला पाणी नाही म्हणून तो आटत चाललाय. तीन बादल्या तर तीन बादल्या. तिला नवरा परत हवा होता.

दुकानवाली सामान घेऊन घरी आली. टाकी, दिवा, पाणी फिरवायचा पंप, पाणी कोमट ठेवायची कांडी, थोडे दगड आणि मिठाची पिशवी. शिवणयंत्राच्या बाजूच्या टेबलावर तिने सगळं मांडलं. सर पाठ करून खिडकीत बसलेले. हे काय चाललंय, कोण आलंय, काही नाही.

"या मिठाचाच समुद्र करायचा," बादलीत मीठ ओतत दुकानवाली म्हणाली. "आधी अंदाजे घालू, मग बघू."

"अंदाजे?"

खिडकीतून आवाज आला. बायकोच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"पाण्यात काहीही अंदाजे घालत नाहीत," सर म्हणाले आणि उठले. "किती लिटर आहे? मीठ किती? मोजलं का? दे इकडे. आणि पाणी कुठलं, नळाचं? त्यात औषध असतं, या तुझ्या जनावरांना चालेल का?"

"नाही ना चालत, म्हणून तर गाळलेलं आणलंय," दुकानवाली म्हणाली.

"हं. एवढी तरी अक्कल आहे."

बायकोने मान खाली घातली आणि मशीन चालवायला घेतलं. कितीतरी वेळ ती शिवत होती. नंतर पाहिलं तर सुईत दोराच नव्हता.

पहिला महिनाभर टाकीत नुसते दगड आणि पाणी ठेवायचं असतं. पाणी मुरवावं लागतं म्हणे. एरवी लोक त्यात कंटाळून जातात, पण सर खूश होते. सकाळ-संध्याकाळ नळीत पाणी, त्यात थेंब, मग नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि कागदावरच्या रंगांशी रंग जुळवायचा. तलावावर हेच तर करायचे. फरक एवढाच, की इथे औषधाचा एक कणही चालणार नव्हता. ते त्यांच्या मनाला जरा लागलंच. "औषधाशिवाय पाणी म्हणजे शिस्तीशिवाय शाळा," ते पुटपुटले. पण पुटपुटले तरी! मशीनमागे बसून ती प्रत्येक शब्द खिरापतीसारखा झेलत होती.

प्रवाळ आले तेव्हा सरांनी एकेकाची तपासणी केली. ज्या छोट्या दगडावर ते चिकटलेले होते, तो उलटा करून जुन्या टूथब्रशने घासला. "आत यायचं तर पाय धुऊन."

"एखादा मासा देऊ का सर?" दुकानवालीने विचारलं.

"मासा नको. मासा आला की घाण आली."

"अहो, पण बिनमाशाची टाकी..."

"माझ्या पाण्यात नको म्हटलं ना."

बटणं उमलली. छत्र्या पसरल्या. गवताची हिरवी बोटं पंपाच्या लाटेवर डोलायला लागली. लेकीचा फोन आला तर सर तिला प्रवाळ पोटात उजेड कसा साठवतात ते इतका वेळ समजावत बसले, की शेवटी ती आईला म्हणाली, "आई, बाबांना काय पाजलंस?" जेवताना ते पुन्हा बोलायला लागले होते. तलावाचं नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही. पण टाकीचं बोलायचे. तिने डोळे मिटून मनातल्या मनात कोणाकोणाचे आभार मानले. एवढं सुख तिला दृष्ट लागण्यासारखं वाटायला लागलं.

आणि लागलीच.

झालं काय, की सरांना त्या तपासणीत एक आकडा सापडला. पाण्यातली घाण सडून जे काही उरतं, त्याचा तो आकडा. सुरुवातीला नळी गुलाबी व्हायची. सरांना ते सहन होईना. त्यांनी रोज एक बादली पाणी बदलायला घेतलं. गाळणीतला कापूस रोज नवा. कोळशाची पुरचुंडी. दगड ब्रशने घासायचे, काच पुसायची, चहाच्या गाळणीने पाण्यावरचा कण न् कण टिपायचा. आणि एक दिवस नळी बिनरंगाची राहिली.

"शून्य!" सर ओरडले. "अगं, शून्य आलं!"

पाणी असं झालं, की आहे की नाही कळेना. कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "टाकी रिकामीच ठेवलीय होय?" सरांची छाती वीतभर फुगली.

त्यानंतर प्रवाळ मिटायला लागले. आधी गवताने बोटं आत घेतली आणि दगडावर नुसतं जांभळं चामडं उरलं. छत्र्या आक्रसून करंगळीच्या नखाएवढ्या झाल्या. बटणं फिकुटली, मग मिटली, ती मिटलेलीच. सरांनी कंबर कसली. पाण्यात काहीतरी आहे, आणखी स्वच्छ करायला हवं. जास्त घासलं, जास्त बदललं. रोज नळी बघायची, रोज शून्य, आणि रोज एखादं बटण आणखी बारीक झालेलं. एका सकाळी त्यांनी ब्रश खाली ठेवला. चहा तसाच निवला.

"माझा हात गेला बहुतेक," ते म्हणाले, आणि जाऊन खिडकीच्या खुर्चीत बसले.

तीच खुर्ची, तशीच पाठ.

ती बाटलीत टाकीचं पाणी भरून तडक दुकानात गेली आणि पोहोचल्या पोहोचल्या तिने तोंडाचा पट्टा सोडला. मारायची म्हटली तरी मरत नाहीत म्हणे! मग काय झोपलीत ती? म्हाताऱ्या माणसांना गंडवायला काही वाटत नाही? दुकानवालीने सगळं ऐकून घेतलं आणि नळीत थेंब टाकले. मग पुन्हा टाकले. मग तिने विचारलं, "काकू, हे टाकीचंच पाणी आहे ना? पिण्याचं नाही?"

"टाकीचंच. का?"

"यात काहीच नाहीये. शून्य."

"शून्य म्हणजे चांगलं ना? ते तर नाचत होते."

"चांगलं कसलं? उपाशी मरतायत बिचारे! थोडी घाण लागते हो यांना. मासा खातो, घाण करतो, त्यातलंच पाण्यात मुरतं आणि यांच्या पोटाला लागतं. म्हणून तर मी मासा घ्या म्हणत होते. एवढं स्वच्छ पाणी मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या दुकानातल्या टाक्या बघा, लोक नाकं मुरडतात, पण प्रवाळ कसे माजलेत!" तिने बाटलीचं झाकण लावलं. "मी येऊन सांगू का सरांना?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. आवाज इतका चढला, की टाकीपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

कसं सांगणार? तलाव गेला, नोकरी गेली, गळ्यातली शिट्टी गेली. एक गोष्ट उरली होती, की पाणी स्वच्छ कसं ठेवायचं ते मला कळतं. आता कोणीतरी जाऊन सांगायचं, की सर, तुमच्या स्वच्छतेनेच सगळे मरतायत. मग तो माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठेल? आणि नाही सांगितलं तर प्रवाळ मरणार, तरीही तो उठणार नाही. दोन्हीकडून मरण. रस्त्याने येताना ती स्वतःशीच मोठ्याने बोलत होती आणि लोक बघत होते, बघेनात का.

दुकानवालीने तिला प्रवाळांचं खाणं दिलं होतं. बारीक भुकटी, पाण्यात कालवायची आणि ड्रॉपरने सोडायची. संध्याकाळी ती सरांना बळेबळेच कोपऱ्यापर्यंत फिरायला पाठवायची आणि तेवढ्यात मिटलेल्या बटणांवर भुरकट पाणी सोडायची. "खा रे बाळांनो, लवकर खा, ते येतील." या वयात नवऱ्याच्या चोरून कोणाला खायला घालायची वेळ येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ड्रॉपर धुऊन दोऱ्यांच्या डब्यात, पिशवी कापडांच्या गठ्ठ्यात.

पण ज्याने आख्खा जन्म पाणी हुंगण्यात काढला, त्याच्यापासून हे लपणार होतं थोडंच. दोन-तीन दिवसांतच सर टाकीवर वाकून नाकपुड्या फुलवायला लागले.

"पाण्याला काहीतरी वास येतोय."

"मला नाही बाई येत."

"तुला काय कळतंय! कोणीतरी घाण करतंय यात."

एवढं खरं, की त्या वासाने ते खुर्चीतून उठले. पंप खोलला, धुतला. मिठाच्या पिशवीवर संशय घेतला. दगडात किडा लपलाय म्हणून चिमटा घेऊन तासन्‌तास टाकीवर ओणवे. आणि पाणी बदलायचं दुप्पट केलं. तिने संध्याकाळी घातलेलं सगळं सकाळी मोरीत जायचं. ती घालतेय, ते उपसतायत, आणि मध्ये ती बटणं बिचारी कोरडी ठणठणीत. म्हणजे ओलीच, पण उपाशी. एका कडेचं एक बटण विरघळून गेलं. ते दोघांनीही पाहिलं.

पुढच्या संध्याकाळी सर फिरायला गेले. निदान त्यांनी चपला वाजवल्या, दार ओढलं. तिने डबा उघडला, भुकटी कालवली, ड्रॉपर पाण्यात घातला.

"बाहेर!"

काय तो आवाज. खोल टोकापासून उथळ टोकापर्यंत पोहोचणारा, पन्नास पोरांना जागच्या जागी थिजवणारा. किती दिवसांनी ऐकला तिने. ड्रॉपर हातातून सुटून तळाला गेला. सर दारामागून पुढे आले. चपला हातात.

"तू? माझ्या पाण्यात घाण करणारी तू?"

ती घाबरली होती आणि त्याच वेळी त्या आवाजाने तिला इतका आनंद झाला, की दोन्ही मिळून तिला रडूच फुटलं. रडता रडता ती जी सुटली ती सुटलीच.

"हो, मी! मीच घालतेय. उपाशी मरतायत ती! तुमचं पाणी फार स्वच्छ आहे हो, त्यात खायला कणभर काही नाही. ती पोरगी म्हणाली, यांना थोडी घाण लागते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसाल म्हणून नाही सांगितलं. मला भीती वाटते तुमच्या त्या खुर्चीची. जाळून टाकावीशी वाटते ती!"

सरांनी हातातल्या चपला हळूच खाली ठेवल्या. खुर्चीकडे गेले नाहीत, तिच्या मशीनच्या स्टुलावर टेकले.

"तो साहेब आला होता ना," ते म्हणाले.

"कोण साहेब?"

"तलाव बघायला. बंद करायच्या आधी. तुला मी सांगितलं नाही ते. मी त्याला खोल टोकाला नेलं. म्हटलं, बघा साहेब, तळाच्या फरशीची फट न् फट दिसते. आख्ख्या नोकरीत इतकं नितळ पाणी माझ्या हातून झालं नव्हतं. मी आपला छाती काढून उभा. तर तो म्हणाला, 'कोणी उतरतच नाही ना, म्हणून.'"

ती डोळे पुसायचं विसरली.

"खरं होतं गं ते. नवे तलाव झाले तिकडे, घसरगुंड्यांचे. आपल्याकडे पोरं यायची बंद झाली. दोन-चार म्हातारे यायचे, तेही थांबले. मी सकाळी पानं काढायचो, औषध घालायचो, फाटक उघडायचो आणि बसायचो. दिवसभर. पाणी हलायचं नाही."

"पण तुम्ही तर रोज सांगायचात," ती म्हणाली. "जेवताना. तो चड्डीवाला, ती तरंगलेली पोरगी..."

"ती सगळी जुनी पोरं. आठवून आठवून सांगायचो. तुला हसताना बघितलं की वाटायचं, आहे, तलाव चालू आहे. आता ती पोरं बापे झाली असतील." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "आणि मी त्या पाण्याकडे बघून स्वतःचीच पाठ थोपटायचो. काय पाणी ठेवलंय शिट्टीसर! अगं, घाण करायलाच कोणी नव्हतं."

"मला सांगायचं नाही?" ती एकदम उसळली. "मी आले असते की! गुडघे गेले खड्ड्यात. उतरले असते पाण्यात."

"तुला पोहता येत नाही."

"उथळ टोकाला उभी राहिले असते! दिवसभर उभी राहिले असते, तेल लावून!"

सरांना हसू फुटलं, आणि हसता हसता खांदे भलतेच हलायला लागले. तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. शेवटी सर उठले, बाही वर करून तळाचा ड्रॉपर बाहेर काढला आणि विचारलं, "किती घालायचं?"

"अंदाजे," ती म्हणाली.

त्यांनी डोळे वटारले. पण घातलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात गेले आणि पिशवीत एक बोटभर मासा घेऊन आले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. दुकानवालीने काय काय ऐकवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मासा टाकीत सोडला. त्याने दोन चकरा मारल्या आणि सरांच्या डोळ्यांदेखत पाण्यात घाण केली. सरांचा हात आपसूक गाळणीकडे गेला. तो त्यांनी पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

लगेच काही झालं नाही. दुकानवाली म्हणाली होती, उशीर झालाय, सगळे वाचतील असा शब्द देत नाही. आणखी एक बटण गेलं. काचेवर हिरवट थर धरला. नळी पुन्हा किंचित गुलाबी झाली आणि सर ती उजेडाकडे धरून कसंनुसं तोंड करून उभे राहायचे. कधी ब्रश उचलायचे, टाकीपर्यंत न्यायचे आणि परत ठेवायचे. कधी खिडकीच्या खुर्चीकडे बघायचे. तेव्हा ती उगाचच मशीन जोरात चालवायची किंवा काहीतरी पाडायची. पण ते टाकीपाशीच स्टूल ओढून बसत. ती शिवायची आणि ते तिला पोरांच्या गोष्टी सांगायचे. आता सांगताना आधीच म्हणायचे, "हे फार जुनं आहे हं." आणि ती म्हणायची, "असू दे की. सांगा."

एका दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाहेरून सरांची हाक आली.

"अगं ए! ये लवकर! आले!"

"कोण आलं?" तिने आतूनच ओरडून विचारलं. दारात गिऱ्हाईक आलं असेल, असं तिला वाटलं. साबणाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली. दारात कोणी नव्हतं.

सर टाकीसमोर उभे होते. पाणी जरासं गढूळ होतं, मासा मध्येच इकडून तिकडे सुळकन जात होता, आणि दगडावर जेवढी म्हणून बटणं शिल्लक होती तेवढी सगळीच्या सगळी उघडली होती, एकमेकांना ढकलत, झालरी पसरून.

"बघ ना, काय गर्दी केलीय मेल्यांनी," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "आले गं. आले सगळे."